सफूराच्या रोज्यातली करवंदं

कल्याण, शुक्रवार

वडील भगिनी रुकय्या आपा हिला धाकट्या कासमचा सलाम. भिवंडीत तुझे गुडघे आता बरे असतील अशी आशा करतो. इथे सगळे खुशाल आहेत, फक्त परवापासून घरात माझ्याशी कोणी धड बोलत नाही.

त्याचं असं झालं. आपल्या सफूरानं (नात माझी, पण हट्ट तुझा उचललाय) परवा पहिला रोजा धरला. आठ वर्षांची पोर आणि मे महिन्याचं ऊन! गेल्या वर्षी मी तिला चिमणीचा रोजा शिकवला होता. दुपारपर्यंत उपाशी राहायचं, मग जेवायचं, असे दोन केले की एक पुरा. ती हे मदरशात सांगून आली, मौलवीसाहेब हसले, आणि तेव्हापासून दीनाच्या, धर्माच्या बाबतीत माझा शब्द घरात चालत नाही. म्हणून यंदा पुराच धरायचा म्हणाली. सूनबाईनं जरीचा फ्रॉक काढला, मोगऱ्याचा हार आणवला. संध्याकाळी रोजाकुशाईला, म्हणजे पोरीचा पहिला रोजा सुटताना तिचं कौतुक करायला, अर्धी गल्ली येणार होती.

दुपारी केशरबाई आली. खडवलीची करवंदं विकते ती. टोपली उतरवली की पहिली मूठ सफूराच्या हातावर, हा तिचा रिवाज (त्यानं टोपली लवकर खपते म्हणे). तिनं दिली, हिनं सवयीनं तोंडात टाकली. सूनबाईला जांभळे ओठ दिसले आणि जो आकांत झाला! सफूरानं तोंडातली थुंकून भोकाड पसरलं. केशरबाई तिच्यावर ताण. ‘माजे हातानं पोरीचा उपास मोडला गो!’ म्हणत पायरीवर बसली, आणि मगरिबपर्यंत, दिवस बुडून अजान होईपर्यंत, आपणही पाणी घेणार नाही म्हणाली. विसरून खाल्लं तर रोजा मोडत नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. आपा, जन्मात एकदा मी दीनाचा खरा मसला, खरा नियम सांगितला आणि पोरीचा विश्वास बसेना! सूनबाईनं तेच सांगितलं, तर म्हणे दादांनी (म्हणजे मी, तिच्या आजोबानं) पढवलंय. पाहुणे आले, खजूर वाटले गेले, पण खोट्या रोज्याचा हार नको म्हणून पोर कोपऱ्यात बसून राहिली. माझ्या चिमणीच्या रोज्यानंच पोरीचा विश्वास उडाला, म्हणून घर माझ्यावर रुसलंय. मला फार वाईट वाटलं गं.

तुझा भाऊ,
कासम

ता. क. रोजा कबूल झाला, अशा दोन ओळी तुझ्या हातच्या पाठव. तुझं ती मानते.

आणखी एक ता. क. पत्र टाकायला निघालो तर दारात केशरबाई. रडवेली. परवा इथून जाताना नाक्यावरच्या चहावाल्या दगडूनं टपरीवरून रोजचा चहा पुढे केला आणि ती विसरून प्यायली म्हणे. सफूरानं तिला ठणकावून सांगितलं, ‘विसरून प्यायलीस ना? मग तुझा मोडला नाही.’ मग स्वतःच्याच ओठांवरून बोट फिरवलं. नंतर हळूच म्हणाली, ‘दादा, माझा हार कुठाय?’

हार मी काल बकरीला खायला घातला. तिला मात्र सांगून बसलोय की आपाकडे जपून ठेवलाय. तेव्हा आता तुझं नुसतं पत्र नको. मोगऱ्याचा हार घेऊन तूच ये.