‘सौ.’ची दुरुस्ती

पांढुर्णा,
दि. ६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. गुणवंता हिस,
दत्तात्रयचे अनेक उत्तम आशीर्वाद.

चि. ऋषिकेशने तुला दूरध्वनीवरून दिलेला वृत्तांत सदोष आहे. माझा मुलगा असूनही ‘बाबा हरवून राहिले’ असे तो म्हणाल्याचे कळले. मी हरवलो नव्हतो. नरखेडहून परतताना पांढुर्ण्याला उतरावयाचे, ते तिगावला उतरलो. एक स्थानक पुढे जाणे आणि हरवणे या दोन भिन्न क्रिया आहेत. शिवाय ही घटना मंगळवारची नसून सोमवारची आहे.

फलाटावरील एका गृहस्थांनी घराचा पत्ता विचारला, तो सांगण्यास मला किंचित वेळ लागला, एवढेच खरे. तेवढ्यावरून ऋषिकेश मला नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नेण्याचा हट्ट धरून बसला आहे. तिथे म्हणे, आज वार कोणता, असे विचारतात. आयुष्यभर मी मुलांना व्याकरण विचारले. आता वार सांगून उत्तीर्ण होण्याची मला हौस नाही. मी जाणार नाही. तूही त्याची बाजू घेऊ नयेस.

तुझ्या मोतीबिंदूचे काय ठरले? गुडघ्यांना तेल लावतेस, की नुसतीच कुरकुरतेस? भिवाजीरावांना नमस्कार सांग. थंडी पडू लागली आहे. त्यांनी खोकल्याला जपावे.

लोभ आहेच, तो उणा होऊ देऊ नकोस.

तुझा भाऊ,
दत्तात्रय

*

सौंसर,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. भाऊ यांना,
गुणवंताचा शिरसाष्टांग नमस्कार.

नात प्रणाली लिहून राहिली अन् मी सांगून राहिली. चुका तिच्या नावावर टाका. ती म्हणते, आजीच्या बोलण्यातच चुका आहेत, त्याले मी काय करू.

तुमचं पत्र तिनंच वाचून दाखवलं. पहिल्याच ओळीले थांबली. मी म्हटलं, वाच ना वं. तं म्हणे, पांढुर्ण्याच्या आजोबांनी तुले ‘सौ.’ लिहिलं. मंग शेवटी यांना नमस्कार आला, यांचा खोकला आला, तं पोरीनं कागद खालीच ठेवला.

भाऊ, हे जाऊन दोन दिवाळ्या झाल्या. पहिला खांदा तुमचाच होता.

तुमाले सांगू का नको, याच्यात मले घास गोड लागला नाही. वाटलं, जाऊ दे, एका पानापुरती सवाष्ण झाली तं झाली. पण तुम्ही जन्मभर माझा एक काना सोडला नाही. मी तुमची एवढी मोठी चूक सोडली असती, तं तुमाले तो अपमान वाटला असता.

डॉक्टरकडे चला. मी येतो संग. माझे डोळेही दाखवून देऊ, म्हणजे कोणी विचारलं तं सांगायचं, बहिणीले घेऊन गेलो होतो. डॉक्टरनं वार विचारला अन् नाही आठवला, तं मी खोकलीन. एकदा खोकली की सोमवार, दोनदा खोकली की मंगळवार. नाही आले तुम्ही, तं मी गुडघे घासत पांढुर्ण्याले येईन. मंग ऐकत बसा कुरकुर.

माया पातळ करू नका.

तुमची,
गुणवंता

*

पांढुर्णा,
दि. १८ नोव्हेंबर २०२५

चि. गुणवंता हिस,
अनेक आशीर्वाद.

‘सौ.’ लिहिणे असत्य आहे आणि ‘गं. भा.’ लिहिण्यास हात धजला नाही. म्हणून नुसते नाव लिहिले. व्याकरणदृष्ट्या ते पुरेसे आहे.

तुझे पत्र वाचताच सर्व आठवले, असे लिहिणे सोपे होते. मला आठवले नाही. ऋषिकेशला विचारले, तर त्याने माझ्याकडे न पाहता मान हलवली. भिवाजीराव गेल्याची वार्ता मी जणू तेव्हा प्रथमच ऐकली. खांदा दिल्याचे अजूनही आठवत नाही. त्या दिवसांत तुझ्यापाशी येऊन मी दोन शब्द बोललो होतो का, हेही तुलाच विचारावे लागत आहे. बोललो असेन, तर ते शब्द तू जपून ठेव. माझ्याकडून ते पुसले गेले आहेत.

मी नागपूरला येतो. अट एकच: तू खोकायचे नाही. मला जेवढे येईल, तेवढेच डॉक्टरांना कळू दे. तू मात्र शेजारी बस. तुलाच ‘आपण कोण’ असे विचारण्याची वेळ येण्यापूर्वी मला माझ्या आजाराचे नाव कळले पाहिजे.

दुरुस्त करणे थांबवू नकोस. तुझा लोभ मी त्यावरूनच ओळखेन.

तुझा,
दत्तात्रय

ता. क. ऋषिकेशसमोर बसून दुरुस्त केलेल्या तारखा:

तिगावला उतरलो: मंगळवार, २८ ऑक्टोबर २०२५. सोमवार नव्हे.
भिवाजीरावांचे निधन: शुक्रवार, १५ डिसेंबर २०२३.
नागपूरची तपासणी: सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५. आदल्या दिवशी ऋषिकेश तुला घेण्यास येईल.
तुझा जन्म: नागपंचमी, शके १८७१. ही कोणालाही विचारली नाही. बरोबर आहे का, ते कळव.