सलूहा वास घेते

गाबेस, ४ मे १९८३

प्रिय नाजियाताईस,

जकियाचा सलाम. वि. वि. हरिसा चटणीची बरणी पोचली असेल. या खेपेला मिरची जहाल आहे, नर्सबाईंनी जपून खावं!

ताई, माझं मन थाऱ्यावर नाही. शेजारच्या सलूहाचा मुलगा मोन्सेफ मागच्या महिन्यात खजुरीच्या बागेतल्या पाटात बुडाला, हे कळवलंच होतं. गुडघाभर पाणी गं! चौदा वर्षांचा दांडगा पोर त्यात बुडतो कसा? सगळे म्हणतात, बागेतल्या घूला डाकिणीने ओढला. आणि आता आमचा विसेम सांगतो, उन्हं कलली की मोन्सेफ पाटातून त्याला हाका मारतो. हा मुकाट जातो. परत येतो तो डोळे तांबारलेले, पाय ओले, एकटाच हसत. काल दारातून वळून बागेकडे बघत म्हणाला, थांब रे, येतोच.

इमामांकडून ताईत आणून बांधलाय. आमचे हे, बशीर, म्हणतात, वयच तसं आहे, जाईल. मला एवढा एकच आहे, ताई. पाटाकडे बघवत नाही मला.

मला वेडी म्हण, पण उत्तर धाड.

तुझी,
जकिया

स्फाक्स, ९ मे

चि. जकियास, अ. उ. आ.

हरिसा पोचला. आमच्या डॉक्टरांनी ऐटीत चमचाभर खाल्ला आणि सगळ्यांदेखत रडले.

वेडाबाई, ताईत राहू दे, पोराच्या तोंडाचा वास घे. तुझा नवरा खजुरीला चीर देऊन लाग्मी काढतो ना? पहाटेची लाग्मी म्हणजे गोड रस, आपण तान्ह्यालाही चाटवतो. तीच मडक्यात दिवसभर राहिली की फसफसते आणि चढते. दारूचं नाव काढलं की आपले लोक कानांवर हात ठेवतात, पण लाग्मीला दारू म्हणतो कोण? विसेमच्या वाट्याचं मडकं तू अजूनही ओल्या फडक्यात गुंडाळून झाडाखाली ठेवतेस ना, तो शाळेतून येईपर्यंत? आपली आईही ठेवायची. पण आपण दुपारीच घरी यायचो गं, हा येतो दिवस कलल्यावर.

झिंगलेला पोर तोंडावर पडला की गुडघाभर पाणीही पुरतं. शाळेत आईबापांना बोलाव, मुलांनाही बसव. डाकिणीची भीती नको घालूस, रस कधी बिघडतो ते नीट सांग. मला रजा मिळत नाही, तेव्हा तूच उभी राहा. भांडायला लाजत नाहीस, मग बोलायला कसली लाज?

विसेमला पापा. मला सगळं लिही, काही लपवू नकोस.

तुझी,
नाजिया

गाबेस, २८ मे

प्रिय ताईस,

सलाम. वि. वि.

वास आला, ताई. मीच ठेवलेल्या मडक्याचा.

सभेला बरेच जण आले. मी उभी राहून बोलले. बापे हसले. आम्ही काय दुसरं प्यालो, मेलो का, असं म्हणाले. आमचे हेही त्यांच्यातच! तेवढ्यात मागून सलूहा उठली. म्हणाली, मोन्सेफच्या तोंडाला वास होता. मयताला आंघोळ घालणारे यायच्या आधी मी गुलाबपाण्याने त्याचं तोंड धुतलं, लोकांना कळू नये म्हणून. घूलाचं नाव मीच पहिलं घेतलं. एवढं बोलून खाली बसली. बशीर उठले आणि भर सभेतून झाडांवरची मडकी उतरवायला गेले.

आता दुपारच्या आत सगळी मडकी खाली येतात. संध्याकाळी बाप पाळीपाळीने बागेत फिरतात. आणि सलूहा बागेच्या तोंडाशी उभी राहते. तिला कुणी सांगितलं नाही, पोरांनाही नाही. तरी एकेक पोर तिच्यापुढे येऊन तोंड उघडतं. ती वास घेते, डोक्यावरून हात फिरवते, घरी जा म्हणते. विसेमने हाकांचं नाव काढणं सोडलंय, म्हणून मी जरा निवांत होते.

काल मी त्याला न्यायला तिथे उभी होते, सगळ्यांत शेवटी विसेम आला. तिने वास घेतला, त्याला सोडलं. मागे वाट रिकामी. तरी सलूहा हलेना. ती पुढे झुकली, मोन्सेफच्या उंचीवर तोंड नेलं आणि नुसत्या हवेचा वास घेतला. मग हात फिरवून हसत म्हणाली, आज काही नाही हं, जा.

ताई, विसेमने माझा हात घट्ट धरला आणि बाजूला सरकून कुणालातरी वाट दिली.

मी तिथेच विसेमचं तोंड उघडून वास घेतला. काहीच वास नव्हता.

माया असू दे आमच्यावर, आणि रजा मिळव.

तुझी,
जकिया