पेज पिऊन गोळी घे

सुकन्या,

अक्कलदाढ काढून आलीस आणि गोळ्यांना हातसुदिक लावला न्हाईस, ह्याला काय म्हणावं? गोळीनं झोप लागंल, नळाचं पाणी भरायचं राहील, म्हणून सुजका गाल धरून जागीच बसलीस. तुजं कण्हणं मला भिंतीपल्याड ऐकू येत हुतं. "दुखतंय का गं?" म्हणून इचारलं, तर मान हलवून न्हाय म्हणालीस.

पाणी मी भरलंय. ज्वारीची पेज गार करून झाकलीय, ती पिऊन गोळी घे आणि पड. बर्फ फडक्यात बांधून गालाला लाव. चूळ खळखळून भरू नगंस, रक्त येतंय. शेजारीण मिसरी लाव म्हणाली तर तिला दारातनंच वाटंला लाव.

मी वळसंगला निघालीय, तुज्या आईला आणाय. लग्नात मानपानावरनं भांडल्यापास्नं तिच्या दारात पाय ठेवला न्हवता. आज ठेवते. माज्यापाशी न्हाय, तर तिच्यापाशी तरी रडशील.

सासूला भ्यायचं तर भी, त्येला माजी ना न्हाय. पर दुखणं लपवायचं न्हाय. तू लई गुणाची हायस, सुकन्या, पर एवढं गुणाचं असणं मला खपायचं न्हाय.