पेटीतला एकशे सदतिसावा कागद

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौपन्न, अविवाहित, येथील दैनिकात सव्वीस वर्षे वार्ताहर म्हणून नोकरी करून गेल्या वर्षी राजीनामा दिलेला, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. येत्या शुक्रवारी डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत. आत हृदय सापडेल असा त्यांचा अंदाज आहे. माझ्या जुन्या सहकाऱ्यांचे मत वेगळे आहे. माझी स्मृती शाबूत असून बुद्धी ठिकाणावर आहे. मी नशेत नाही, कोणाच्या दडपणाखाली नाही. रागात मात्र आहे. राग हा बुद्धिभ्रंश धरत नाहीत, हे वकीलबाईंना विचारून घेतले. त्या म्हणाल्या, "तसं असतं तर निम्मी मृत्युपत्रं रद्द झाली असती."

कलम १. राहते घर, खोल्या दोन, माझ्या थोरल्या बहिणीस. पुढच्या खोलीचे दार चिकटते. ते तिने खांदा लावून ढकलू नये, सुतार बोलवावा. तिने आयुष्यभर शाळा खांद्यावर घेतली आहे. दार तरी घेऊ नये.

कलम २. बँकेत जे असेल ते भाचीस. तिने फार आशा बाळगू नये. माझे कोश, व्याकरणे व संस्कृत ग्रंथही तिलाच. ती ते उघडणार नाही हे मला ठाऊक आहे. निदान उभे ठेवावेत, आडवे टाकू नयेत.

कलम ३. माझे शाईचे पेन दैनिकाच्या न्यायालयीन वार्ताहरास. त्याने माझ्या तीन बातम्या स्वतःच्या नावावर छापून घेतल्या. आता पेनही घे म्हणावे, आणि एकदा तरी स्वतःचे लिही.

कलम ४. दैनिकाच्या छापखान्याचा निवृत्त यंत्रचालक या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणार आहे. साक्षीदारास काही देऊ नये असा कायदा असल्यामुळे त्यास मी काही देत नाही. माझी छत्री तीन वर्षे त्याच्याकडेच आहे. ती परत मागतही नाही.

कलम ५. संपादकांच्या चिरंजीवांस काहीही नाही. कारण लिहिणे बंधनकारक नाही, तरी लिहितो. वडिलांच्या पश्चात दोन वर्षे दैनिक तो चालवतो. त्याच्या कारकिर्दीत बातम्या थांबवल्या जात नाहीत, त्या हरवतात. गेल्या महिन्यात तो फुले आणि वडिलांच्या गौरवग्रंथाचे मुखपृष्ठ घेऊन माझ्याकडे आला.

"काका, बाबांची पेटी घरात असलेली बरी. शोभेल."

"शोभेला तुमचे पडदे पुरेसे आहेत."

"ग्रंथाची मंडळी फक्त छाननी करतील हो."

"छाननी म्हणजे?"

"म्हणजे... बाबांच्या उंचीला साजेल तेवढं ठेवायचं."

"मग पेटी कशाला नेतोस? पट्टी घेऊन ये."

फुले तो परत घेऊन गेला. हा गुण वडिलांचा नव्हे.

कलम ६. लोखंडी पेटी, रंग हिरवा, कडी मोडकी, आत दोनशे बारा कागद. ही पेटी संपादकांची. ते बाराव्या वर्षी छापखान्यात खिळे जुळवायला लागले. तेविसाव्या वर्षी शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत त्यांनी चार पानी साप्ताहिक काढले आणि पुढे त्याचे दैनिक केले. मुलींची शाळा, मोफत वाचनालय, गिरणीमागच्या वस्तीला नळ, हे सर्व त्यांनी आधी अग्रलेखांतून मागितले. मिळेना, तेव्हा निवडणूक लढवून नगराध्यक्ष झाले आणि स्वतःच दिले. हे अक्षरशः खरे आहे. गौरवग्रंथात खोटे येईल म्हणून मी चिडलेलो नाही. एवढेच येईल म्हणून चिडलो आहे.

नगराध्यक्ष झाल्यावर एकाच माणसाने सकाळी पालिका चालवायची आणि दुपारी तिच्यावर टीका करायची, असा योग आला. त्यावर त्यांनी एक रीत काढली. जी बातमी ते थांबवत ती फाडत नसत. कागदाच्या पाठीवर थांबवण्याचे कारण लिहून, तारीख घालून सही करीत, आणि बातमी आणणाऱ्याने खाली "पाहिले" असे लिहून सही करायची. "छापलेल्याचा जाब वाचक विचारतो," ते म्हणत, "न छापलेल्याचा आपण लिहून ठेवायचा." तेव्हा आम्हाला हे फार थोर वाटे. आता वाटते, घर फोडावे आणि जाताना उंबऱ्यावर पोच ठेवावी, तशातला हा प्रकार.

मरणाच्या आठवडाभर आधी त्यांनी पेटी माझ्याकडे धाडली. सोबत चिठ्ठी: "तुला योग्य वाटेल ते कर." स्वतःला योग्य वाटेल ते करायला त्यांच्याकडे वीस वर्षे होती. ती त्यांनी उद्घाटनांत घालवली आणि ओझे माझ्या गळ्यात मारले.

ही पेटी, खालील एक कागद वगळून, त्यांनीच काढलेल्या वाचनालयास द्यावी. अट अशी, की कागद न गाळता ठेवावेत, मागेल त्यास दाखवावेत, आणि दोन्ही बाजूंनी दाखवावेत.

कलम ७. कागद क्रमांक १३७ मी वेगळ्या पाकिटात ठेवला आहे. बातमी माझी, बारा ओळींची. बावीस वर्षांपूर्वी एका सोमवारी गिरणीमागे खणलेल्या चरात मी उतरलो. पिण्याच्या पाण्याची मुख्य नळी तडकली होती आणि वरून गटार तिच्यात ठिबकत होते. बातमीची शेवटची ओळ: "दुरुस्ती होईपर्यंत नागरिकांनी पाणी उकळूनच प्यावे." पाठीवर संपादकांचे अक्षर: "रविवारी नव्या जलकुंभाचे उद्घाटन. तोवर घबराट नको. दुरुस्ती मी करवून घेतो." सही. त्याखाली माझे अक्षर: "पाहिले." सही.

मी भांडलो, असे लिहायला आवडले असते. मी एवढेच म्हणालो, "साहेब, शेवटची ओळ तरी घेऊ."

ते म्हणाले, "शेवटची ओळ घेतली की लोक पहिली विचारतात रे."

वाक्य मला आवडले. मी हसलो आणि सही केली.

घरी तेव्हा मी आणि आई. त्या संध्याकाळपासून आमच्याकडे पाणी उकळू लागले. ऑफिसात मी घरची बाटली नेऊ लागलो. शेजारच्या टेबलावर मुद्रितशोधक बसत, माझ्याहून अठरा वर्षांनी मोठे. मला लिहायला त्यांनी शिकवले. माझी प्रत्येक बातमी त्यांच्या हाताखालून गेली. ही त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. बाटली पाहून ते म्हणाले, "काय पंडित, पिंपातलं पाणी उतरत नाही का तुझ्या घशाखाली?"

"घसा बसलाय."

"बसू दे. तेवढीच ऑफिसला शांतता."

त्यांची लेक तेव्हा बाळंतपणासाठी त्यांच्याकडे आलेली होती. सातवा महिना. एका वाक्याचे काम होते. ते मी केले नाही, कारण मग बातमी फुटली असती आणि साहेबांनी मला विचारले असते.

नळी दहाव्या दिवशी दुरुस्त झाली. कावीळ महिन्याभराने आली. चौघे गेले, त्यांत ती, पोटातल्या बाळासह. संपादकांनी दूषित पाण्यावर असा अग्रलेख लिहिला की वाचून लोक रडले. अभियंत्याची बदली झाली. त्या अग्रलेखाचे मुद्रित मुद्रितशोधकांनीच तपासले. रजेवरून परतल्याचा तो त्यांचा पहिला दिवस. मी शेजारीच बसलो होतो. "मौनं संमतिलक्षणम्" हे शाळेत घोकले होते, छडीही खाल्ली होती. अर्थ त्या टेबलाशी लागला.

सबब, कागद १३७ माझ्या मृत्यूनंतर मुद्रितशोधकांस पाकिटासह द्यावा.

स्थळ: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: ९ फेब्रुवारी, रविवार.

पुरवणी

वरील मजकूर लिहून झाल्यावर सोमवारी यंत्रचालकास साक्षीसाठी बोलावले. मी म्हणालो, आत काय आहे ते साक्षीदाराने वाचायची गरज नसते. तो म्हणाला, "न वाचता सही मी फक्त पगाराची करायचो. वाचा." मी वाचले. छत्रीच्या कलमाला तो हसला. सातव्या कलमानंतर बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

"म्हणजे तुम्ही गेल्यावर हे त्यांना कळणार?"

"हो."

"ते बहात्तरचे आहेत."

"हो."

"तुम्ही शुक्रवारी वाचलात, आणि ते आधी गेले, तर?"

हा हिशेब मी केलाच नव्हता. सनावळीत मी कधी चुकत नसे, अशी माझी ख्याती आहे.

"अहो, मग पुन्हा थांबवलीच की बातमी," तो म्हणाला. "ह्या वेळी कारण तेवढं झकास लिहिलंत." आणि सही न करताच उठला.

दोन वर्षे मी संपादकांवर दात ओठ खात होतो, की स्वतःच्या हयातीत जमले नाही ते दुसऱ्यावर टाकून गेले. मग मी काय करीत होतो? तेच. फक्त वकीलबाईंना विचारून.

आज, मंगळवारी सकाळी, पाकीट घेऊन मी मुद्रितशोधकांकडे गेलो. ते दुसऱ्या मजल्यावर राहतात. डॉक्टरांनी जिने चढायला मना केले आहे. चढलो. त्यांनी कागद हातात घेतला, सवयीने बोट ओळीखाली धरून पुढची बाजू वाचली, उलटवला, पाठ वाचली. मग पुन्हा पुढची.

"घसा बसलाय म्हणाला होतात," ते म्हणाले.

आजवर ते मला अरे-तुरेच करीत आले होते.

"हो."

"घरी पाणी उकळत होतात?"

"हो."

"आई बरी राहिली तुमची?"

"हो."

त्यांनी कागदाची घडी घातली नाही. टेबलावर सरळ ठेवला आणि वर चष्मा ठेवला. "बारा ओळी," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या असत्या." मग दाराकडे पाहून म्हणाले, "कागद राहू द्या. तुम्ही निघा."

मला तहान लागली होती. मागितले नाही.

तरी या पुरवणीने पुढीलप्रमाणे बदल करीत आहे. कलम ७ रद्द, कारण जी वस्तू माझ्याकडे नाही ती मला देता येत नाही. तो कागद मुद्रितशोधकांचा आहे. त्यांनी तो छापावा, जाळावा किंवा माझ्या शोकसभेत उभे राहून वाचावा. वाचू लागल्यास कोणी त्यांचा हात धरू नये. कलम ६ मधील पेटी माझ्या मरणाची वाट न पाहता आज दुपारीच वाचनालयात पोचवली आहे. पोच घेतली नाही. कलम ५ कायम.

हे सर्व मी स्वतः लिहिले असून त्यातील शब्द न् शब्द मला मान्य आहे. "पाहिले" असे यापुढे मी कशाखालीही लिहिणार नाही.

(सही) वार्ताहर

साक्षीदार:
१. (सही) यंत्रचालक, निवृत्त. वाचून घेतले, मग सही केली. छत्री आणली आहे, दारामागे ठेवली.
२. (सही) शेजारचे औषधविक्रेते.

स्थळ: तेच.
दिनांक: ११ फेब्रुवारी, मंगळवार.