नवस फळला की काय

वर्धा, कार्तिक वद्य पंचमी, १९७९

दिवाळीनंतरची फटफटींची शर्यत यंदापासून कायमची बंद. धाकटे भाऊजी दरवर्षी त्यात गाडी पळवायचे. बातमी घेऊन त्यांचे दोस्त आले आणि मयतीला बसावं तसे ओसरीवर बसले.

"आता शंकरपटच पाहा लागते," एक म्हणाला.

दुसरा म्हणाला, "बैलं याच्या गाडीपेक्षा जोरातच पळतेत!"

भाऊजी हसले नाहीत. चहाही तसाच निवला.

मला माझा नवसच आठवत राहिला. गेल्या शर्यतीत पडून त्यांचा खांदा मोडला, तेव्हा मी केळझरच्या गणपतीला बोलले होते, "त्या शर्यतीत भाऊजींना पुन्हा पडू देऊ नको." जिंकू दे म्हणायचं सुचलंच नाही. आता देवानं शर्यतच ठेवली नाही. हा नवस फळला म्हणायचा का? फळला असेल तर फेडायलाच हवा.

संध्याकाळी विचारलं, "भाऊजी, उद्या मले केळझरले नेता का? नवस फेडाचा हाये."

"नेतो ना वहिनी. कशाचा?"

"तुमच्या खांद्याचा."

"मंग शर्यत परत सुरू होऊ दे, हेही मांगजा. तुमचं देव आयकते."

मी हो म्हणून बसले.