बाईसाहेबांचा पिवळा बिल्ला

तीर्थरूप दाजींच्या चरणी मेहुण्याचा नमस्कार.

इकडे सगळे धडधाकट आहेत. कोण कोण, ते पुढे लिहितोच. तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईचा खोकला थांबला का? मागच्या अंगणातले गुलाब कसे आहेत? आणि त्या अंगणाचं फाटक आता पुरतं उघडतं, की अजून अर्ध्यावर अडतं? (सहज विचारलं.)

पुराचं तुम्हाला कळलंच आहे. आठातल्या पाच गायी गेल्या. चौघी कुंपणाच्या तारेत सापडल्या. पाचवी म्हणजे बाईसाहेब (ताईने माहेरी आली असताना बाटलीने दूध पाजून वाढवलेली, आणि तेव्हापासून माणसांना नोकर समजणारी). ती काही सापडली नाही. तारेला तिच्या कानातला पिवळा बिल्ला तेवढा लटकलेला मिळाला, कानाच्या तुकड्यासकट. आता सरकारी मदतीचा नियम असा, की मेलेल्या जनावराचा बिल्ला आणून द्यायचा. बिल्ला नाही तर जनावर मेलेलं नाही. मी पाचही बिल्ले धुऊन-पुसून पाकिटात घालून कचेरीत नेले. कारकुनाने पाच नंबर उतरवून घेतले आणि प्रत्येक नंबरामागे एकदा "वाईट झालं" म्हणाला. माणूस भला आहे.

बाराव्या दिवशी सकाळी मी दूध काढत असताना बाईसाहेब फाटकातून आत आल्या. कान फाटलेला, बाकी तब्येत माझ्यापेक्षा बरी. (नदीच्या खालच्या अंगाला एका वीटभट्टीवाल्याकडे पाहुणचार झोडत होत्या, हे मागाहून कळलं.) मी उगाच आरडाओरडा केला नाही. दावं शोधायला कोठीत गेलो, आणलं, तिला बांधलं. बस्स.

मग सरळ कचेरी गाठली. कारकुनाने अर्ज उलटासुलटा करून पाहिला. गाय परत आल्याचा रकानाच नाही. "काका, पाचही एकाच अर्जात आहेत. एक नंबर खोडला तर सगळा अर्ज बाद. आणि नवे अर्ज शुक्रवारीच बंद झाले." मी म्हटलं, अहो, ती माझ्या गोठ्यात रवंथ करते आहे. तो म्हणाला, "कागदावर ती गेली." मग त्याने चहा मागवला, आणि आम्ही दोघांनी तो घेतला. जनावरांच्या डॉक्टरांचंही तेच. लस टोचायला आले आणि बिल्ला नाही म्हणून तिला वगळून गेले.

गंमत बाजूला ठेवतो. चौघी खरोखर गेल्या आहेत. त्यांच्या मदतीतून दोन दुभत्या गायी घेतल्या नाहीत, तर एवढ्याशा दुधासाठी डेअरीची गाडी आमच्या फाट्यावर थांबणार नाही, आणि मग गोठाच बंद करावा लागेल. मला याची भीती वाटते. बुधवारी तपासणीचे साहेब गोठ्यातल्या रिकाम्या जागा मोजायला येणार आहेत. त्यांना पाच हव्यात, माझ्याकडे चार आहेत.

बाकी विशेष नाही. तुम्हाला त्रास द्यायचा अजिबात विचार नाही, फक्त मन मोकळं केलं.

तुमचा,
मेहुणा

ता. क. फाटकाचं विचारलं ते एवढ्यासाठी, की मंगळवारचा टेम्पो ठरवला आहे. गुरुवारी परत घेऊन जाईन. गुलाबांपासून लांब बांधा, तिला काट्यांचं काही वाटत नाही.

ता. क. २. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

ता. क. ३. दाजी, हे अक्षर माझं, तुमच्या मेहुण्याच्या बायकोचं. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं होतं, मी वाचलं. टेम्पो नको म्हणून सांगितलं आहे. बारा दिवसांनी पायी घरी आलेल्या जिवाला मी लपवणार नाही. बुधवारी साहेबांसमोर मीच तिला उभी करणार. तुम्ही तीस वर्षं कचेरीत लोकांचे अर्ज तपासलेत, तेव्हा मंगळवारी तुम्हीच इकडे या आणि त्या चौघींचा अर्ज वाचेल असं काहीतरी लिहून द्या. आणि दावं गोठ्यातच खुंटीला होतं. हे कोठीत अर्धा तास रडत बसले होते.