दोन नावांची तुझी आई

केलगेरी, धारवाड
१२ फेब्रुवारी १९९८

चि. सौ. उत्तरास,

अप्पांचे अनेक आशीर्वाद. तुझी आणि पोटातल्या पाहुण्याची तब्येत ठणठणीत असेलच. श्रीनिधीरावांना नमस्कार सांग. इकडे माझा गुडघा सोडला तर सगळे मजेत आहेत.

बाळंतपणाला आई वेळेवर पोचते की नाही, या घोरात तू असशील. व्हिसाचे कागद परवा तयार झाले, पण सहजासहजी नव्हे. तुझा जन्म आजोळी, अळणावरला. आजोबांनी नोंद करताना आईचं माहेरचं नाव सांगितलं, शेवंता. (लग्नात आम्ही ते बदलून जयलक्ष्मी केलं होतं, पण तांदळात लिहिलेलं नाव सासरेबुवांनी कधी मानलंच नाही.) त्यामुळे जन्मदाखल्यावर शेवंता, पासपोर्टवर जयलक्ष्मी, आणि तू नक्की कुणाची लेक हा तिकडच्या कचेरीला प्रश्न. म्हणून हुबळीला लॅमिंग्टन रोडवरचे वादिराज वकील गाठले. ते नोटरी आहेत. दोन्ही नावांची बाई एकच, असं ॲफिडेव्हिट टाइप झालं, तिकिटं चिकटली, आणि शिक्का हातात घेऊन वकिलांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, “हौदेनरी अक्का, दोघी एकच ना?”

तुझी आई म्हणाली, “शपथेवर खोटं कसं सांगू? शेवंता चिंचेवर चढायची, शिट्टी वाजवायची. जयलक्ष्मीनं यातलं काहीच केलेलं नाही.”

झालं. वकिलांचा हात हवेतच राहिला. मी तुझे दिवस भरत आल्याची आठवण दिली, तर हिचे डोळे भरले, पण मान काही हलेना. शेवटी वकील म्हणाले, त्या नावानं हाक मारणारं कुणी आहे का, बघू अक्का ओ देतात का. माहेरचं तर कुणी उरलेलं नाही. (मी स्वतः आजवर ‘अगं’च्या पुढे गेलेलो नाही.) भर कचेरीत, चार पक्षकारांसमोर, कान लाल करून मी म्हटलं, “शेवंता.”

तिनं चटकन ओ दिली आणि लाजली. लग्नातसुद्धा एवढी लाजली नव्हती. वकिलांनी तेवढ्यात सही घेऊन शिक्का मारला.

तुझे,
अप्पा

ता. क. तेव्हापासून घरात ‘अगं’ला कुणी ओ देत नाही. काल स्वयंपाकघरातून शिट्टी ऐकू आली. कुकर चुलीवर नव्हता.

ता. क. दुसरं : मी एकटा मजेत राहीन, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं, ते खोडून टाक आणि व्हिसासाठीच्या निमंत्रणपत्रात माझंही नाव घाल. सहा महिने इथे ‘शेवंता’ म्हणून मी कुणाला हाक मारू?

ता. क. तिसरं : माझं नाव पहिल्यापासून एकच आहे. नोटरीचा खर्च नाही.